अपराध कुणाच्या खाती

१२ जानेवारी २०२५, रविवार. निफाड तालुक्यातल्या एका धार्मिक कार्यक्रमाहून नाशिकच्या सिडकोतली मंडळी पिकअपमध्ये बसून घरी निघाली होती. त्यात तरुण पोरंच जास्त. संध्याकाळी द्वारकेच्या उड्डाणपुलावर ती पिकअप पुढच्या ट्रकवर आदळली. ट्रकमध्ये लोखंडी सळया होत्या, मागून बाहेर आलेल्या. याच्या पुढचं माझ्याच्यानं लिहवत नाही, आणि नाशिकमध्ये ते कुणाला सांगावंही लागत नाही.

शेजारच्या अंबडला हा अपघात जरा जास्तच जवळचा वाटला. इथं वसाहत आणि कारखाने एकमेकांना खेटून आहेत. सिडकोतला माणूस सकाळी डबा घेऊन ज्या रस्त्यानं एमआयडीसीत शिरतो, त्याच रस्त्यानं पत्रे, पाइप, अँगल आणि सळया घेऊन गाड्या बाहेर पडतात. एक्स्लो पॉइंटला उभं राहून अर्धा तास नुसतं पाहिलं तरी कळतं की इथली पोरं रोज कशाच्या शेजारून शाळा-कॉलेजला जातात.

त्या दिवसांत मी आसपासचे बाप पाहत होतो. आयांचं रडणं सगळ्यांना दिसत होतं, बापांचं काय चाललंय ते कुणी विचारत नव्हतं. एकानं पोराची मोटरसायकल विकून टाकली. एकजण रोज रात्री पोरगा झोपला की उठून त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायचा. पोरगा एकोणीस वर्षांचा. एकानं देवळात अभिषेक घातला. एक बाप तर उगाचच पोरावर ओरडायला लागला, जेवणावरून, केसांवरून, कशावरूनही. सगळ्यांना भीती एकच, तिची रूपं मात्र वेगवेगळी.

त्यातल्या दोघांचा वाद मी बराच काळ ऐकत आलो आहे. एक नाना. अंबडच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होते, आता निवृत्त. दुसरे भाऊ. तिथंच दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटीत आहेत, मुलगा अकरावीला. त्यांची खरी नावं इथं नकोत. दोघं शेजारी, संध्याकाळी एका कट्ट्यावर बसणारे, आणि या एका विषयावर त्यांचं कधीच पटलेलं नाही.

भाऊंनी अपघातानंतर घरात नियम केले. गाडीची किल्ली त्यांच्या खिशात. पोराच्या मोबाइलचं लोकेशन चोवीस तास चालू. कुठल्याही टेम्पोत, छोटा हत्तीत, पिकअपमध्ये पाय ठेवायचा नाही. वरात असो, पालखी असो, मॅच असो. सातच्या आत घरात.

नाना : भाऊ, तू पोराला सांभाळतोयस की त्याच्यावर पहारा बसवलायस?

भाऊ : तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा. त्या रविवारी माझा पोरगा घरी होता. पण नवरात्रात मीच त्याला वणीला जायला छोटा हत्तीत बसवून दिलं होतं. पन्नास रुपये हातावर ठेवले, आईच्या दर्शनाला चाललास, नीट जा म्हटलं. उभ्यानं गेली पोरं, मागच्या फाळक्याला धरून. मी पाहत होतो. मला काहीच वाटलं नाही त्या वेळी.

नाना : काही झालं का?

भाऊ : नाही झालं. म्हणूनच तर झोप लागत नाही. ज्यांची पोरं गेली त्यांनी जे केलं, तेच मी केलं होतं. त्यांची शिक्षा त्यांना मिळाली, माझी राहिली. माझा पोरगा माझ्या शहाणपणानं वाचलेला नाही, नाना.

नाना : शिक्षा? त्या बापांना शिक्षा झाली म्हणतोस? कोणत्या गुन्ह्याची? पोरगा देवाच्या कार्यक्रमाला चाललाय, सोबत गल्लीतली दहा पोरं आहेत, ओळखीचा ड्रायव्हर आहे. याला हो म्हणणं हा गुन्हा असेल तर सिडकोतला प्रत्येक बाप गुन्हेगार. असं बोललास ना, की जे सुतकात बसलेत त्यांच्या जखमेवर मीठ चोळतोस तू.

इथं मी मनातून नानांच्या बाजूला गेलो. अपराधाची भावना दिसते स्वतःपुरती, पण ती शेजाऱ्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते. ‘मी चुकलो’ असं वाचलेल्या पोराचा बाप म्हणतो, तेव्हा गेलेल्या पोराच्या बापाला त्यातून काय ऐकू येत असेल?

पण भाऊ गप्प बसणारे नव्हते.

भाऊ : मग तुम्ही सांगा, तुम्हाला कधी भीती वाटली नाही? तुमचा एकुलता एक.

नानांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मग २००३ च्या सिंहस्थाची गोष्ट सांगितली. २७ ऑगस्ट, शाही स्नानाचा दिवस. मुलगा सात वर्षांचा. त्याला खांद्यावर बसवून नाना पंचवटीत गेले होते. गर्दी एवढी की पाय आपल्या इच्छेनं पडत नव्हते. एका वळणावर पोलिसांनी लोंढा दुसरीकडं वळवला आणि नाना त्या लोंढ्याबरोबर वाहत बाहेर पडले. घरी आल्यावर रेडिओवर ऐकलं : सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी, ३९ भाविक गेले. त्यात बायका जास्त.

नाना : तासभर आधी मी तिकडंच निघालो होतो. पोलिसानं काठी आडवी घातली म्हणून वळलो. मंडळी म्हणाली, बरं झालं लवकर आलात. मी हो म्हटलं. तिला आजवर सांगितलेलं नाही की आम्ही कुठं होतो. पोराला तर आठवतही नाही. त्याला एवढंच आठवतं की हत्ती पाहिला.

भाऊ : बावीस-तेवीस वर्षं गप्प?

नाना : काय बोलायचं? बोलून पोरगा जास्त वाचणार होता? भीती पोटात ठेवायची, वर कामाला लागायचं. बाप असाच असतो.

भाऊ : असाच असतो की असाच असावा असं आपल्याला शिकवलं?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून इथं थोडा थांबतो. आपल्याकडं बापाच्या दुःखाचे जे नमुने सांगितले जातात, त्यात टिळकांचा पहिला. १९०३ साली पुण्यात प्लेगनं त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ गेला. समाचाराला आलेल्यांना टिळकांनी गावच्या होळीचा आणि घरच्या गोवऱ्यांचा दाखला दिला आणि ‘केसरी’चं काम थांबू दिलं नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. नानांनीही तेच सांगितलं. गाव जळत असताना स्वतःच्या घरचं वेगळं रडू नये, यात मोठेपण आहेच. अख्खं पुणं पोरं पुरत होतं, त्यात पुढाऱ्यानं आपलं दुःख वेगळं काढायचं नाही हे ठरवणं सोपं नव्हतं.

भाऊंनी त्यावर दुसरं नाव काढलं. बाबासाहेबांचं.

भाऊ : बाबासाहेबांची चार लेकरं गेली. गंगाधर, रमेश, इंदू, आणि १९२६ च्या जुलैत राजरत्न. एकटा यशवंत राहिला. ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना पत्र लिहिलं. नाना, ते पत्र वाचा. एवढा विद्वान, एवढा कणखर माणूस, आणि त्या पत्रात पार मोडून पडलाय. लपवलेलं काही नाही. आयुष्याला चव राहिली नाही असं लिहितोय. आणि त्याच माणसानं पुढच्या मार्चमध्ये महाडचं चवदार तळं गाठलं. आठ महिन्यांत. म्हणजे रडला तर काम होत नाही, हे खोटं.

नाना : पत्र मित्राला लिहिलं, भाऊ. चौकात नाही.

भाऊ : मित्राला तरी लिहिलं. तुम्ही काकूंनाही सांगितलं नाही.

नाना त्यावर काही बोलले नाहीत. माझं मत विचाराल तर टिळकांची गोष्ट आपण अर्धीच शिकलो. त्यांनी दुःख गिळलं ते गावासाठी. आपण गिळतो ते आपली पत राहावी म्हणून, आणि नाव त्यांचं घेतो. गिळलेली भीती पोटात स्वस्थ बसत नाही. ती दारूच्या पेल्यातून बाहेर येते, नाहीतर पोराच्या पाठीवर वळ होऊन उमटते. उगाच ओरडणारा तो बाप आठवा.

वाद खरा पेटला तो दोषाच्या हिशेबावरून. भाऊ क्वालिटीतले. त्यांच्याकडं एखादा जॉब रिजेक्ट झाला की पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत आहे. पार्ट का खराब? टूल झिजलं. का झिजलं? बदललं नाही. का बदललं नाही? असं खणत मुळापर्यंत जायचं. भाऊंनी तीच पद्धत घरात आणली होती, आणि त्यांच्या प्रत्येक ‘का’चं शेवटचं उत्तर एकच निघायचं : बापानं परवानगी दिली.

नाना : तुझी पाच ‘का’ चुकीच्या खोलीत फिरतायत.

भाऊ : म्हणजे?

नाना : पोरगा पिकअपमध्ये का बसला? बापानं पाठवलं. बापानं का पाठवलं? इथं तू थांबतोस. मी पुढं विचारतो. रविवारी तीस माणसं गावाला न्यायची तर एसटी करायला परवडतं का? पिकअप मालाची गाडी, तिच्यात माणसं भरलेली निफाडपासून नाशिकपर्यंत कुणाला दिसली नाहीत? आणि पुलावर, अंधारात, सळया बाहेर काढून ट्रक चालतो तो कुणाच्या परवानगीनं? तिथं बाप होता का कुणाचा?

भाऊ : कायदा आहे ना त्याला.

नाना : मला विचार कायदा. पूर्वी गाडीच्या बॉडीमागं एक मीटरपर्यंत माल बाहेर चालायचा. २०१४ पासून केंद्रानं ती सवलतच काढून टाकली. आता एक वीतही बाहेर नको. २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला तेव्हा अशा गाडीला वीस हजार दंड ठरला, वर माल उतरवायचा खर्च वेगळा. सगळं कागदावर आहे.

भाऊ : तुम्हाला एवढं पाठ कसं?

मग नानांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याकडून आधी कधी ऐकलं नव्हतं. भाऊंनीही नाही.

नाना : सळई येते बारा मीटरची. चाळीस फूट. साध्या ट्रकचा हौदा त्याच्या निम्माशिम्मा. मग दोन रस्ते. एक तर सळई मधून वाकवून दुमडायची. त्याला माणसं लागतात, वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक कुरकुर करतं की सरळ करायची मजुरी आमच्यावर पडते. नाहीतर लांब ट्रेलर मागवायचा. त्याचं भाडं जास्त, आणि तो छोट्या साइटच्या गल्लीत वळत नाही. तिसरा रस्ता कायद्यात नाही, पण सगळे तोच घेतात. केबिनवर टेकवून माल तिरका लावायचा, मागून जेवढा बाहेर येईल तेवढा येऊ द्यायचा, टोकाला लाल फडकं बांधायचं. आमच्याकडंही तेच व्हायचं. माथाडी लोड करायचे, काट्यावर वजन व्हायचं, चलन फाटायचं, आणि गेटपासवर सही माझी. लाल फडकं कधी असायचं, कधी नसायचं. रात्री लाल आणि काळं सारखंच दिसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ड्रायव्हर म्हणायचा, साहेब, जवळच जायचंय. मी सही करायचो.

भाऊ : कधी काही...?

नाना : माझ्या गेटमधून गेलेल्या गाडीचं मला कधी काही कळलं नाही. कळलं नाही म्हणजे झालं नाही, असं नव्हे. तो द्वारकेचा ट्रक कुठला, माल कुणाचा, मला माहीत नाही. मी तर केव्हाच घरी बसलोय. पण त्या रात्री टीव्हीवर सळया पाहिल्या आणि मला माझी सही दिसली. तू म्हणतोस, नाना, तुम्ही बापांना एवढे निर्दोष का ठरवता? मला माहीत आहे दोष कुठं तयार होतो, म्हणून. तो डिस्पॅचच्या टेबलावर तयार होतो, दुपारी चार वाजता, घाईत. त्याच्याखाली कुणाची तरी सही असते. आणि सगळे बाप जर घरी बसून स्वतःच्याच छातीवर बुक्के मारत राहिले, तर त्या टेबलावरचा माणूस सुटला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मला त्या वेळी दशरथ आठवला, आणि नाशिकमध्ये तो आठवणं साहजिकच आहे. रामानं वडिलांचं श्राद्ध रामकुंडावर केलं अशी इथली श्रद्धा. दशरथ पुत्रशोकानं गेला हे सगळ्यांना माहीत. पण मरताना त्याला आठवला तो श्रावण. अंधारात पाण्याचा आवाज ऐकून, कोण आहे ते न पाहता सोडलेला बाण, आणि त्या पोराचे आंधळे आईबाप. आपला राम वनात गेला या दुःखात त्या राजाला दुसऱ्याच्या लेकराचा हिशेब समोर आला. गेटपासवर सही करणाऱ्या हातानं सोडलेला मालही तसाच शब्दवेधी असतो. तो कुणाला लागणार, हे सोडणाऱ्याला दिसत नाही. नानांची भीती स्वतःच्या पोरासाठी होती तोवर ते गप्प राहू शकले. दुसऱ्यांच्या पोरांची आठवण आली तेव्हा त्यांचं गप्प राहणं संपलं.

भाऊंना मात्र हे सगळं सरळ पटलं नाही, आणि त्यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे.

भाऊ : नाना, तुमचं म्हणणं मोठं आहे. पण मी काय करू? डिस्पॅचचं टेबल माझं नाही, उड्डाणपूल माझा नाही, आरटीओ माझा नाही. माझ्या हातात एक किल्ली आहे आणि एक पोरगा. दोष माझा आहे असं मानलं तर मला काहीतरी करता येतं. दोष जगाचा आहे म्हटलं की मी हात बांधून बसलो. मला ते सहन होत नाही. तुम्ही मला निर्दोष सोडताय, पण निर्दोष माणसाच्या हातात करण्यासारखं काय उरतं?

या म्हणण्यातली अगतिकता खरी आहे. अपराधाला धरून राहणारे बाप वेडे नसतात. ‘माझ्यामुळे झालं’ या वाक्यात एक आधार दडलेला असतो : म्हणजे माझ्या हातात होतं, म्हणजे पुढच्या वेळी मी थांबवू शकेन. ‘माझ्या हातात काहीच नव्हतं’ हे वाक्य त्याहून भयंकर आहे.

आणि भाऊंच्या बाजूनं एक साक्षीदारही आहे. मुंबईतले दादाराव बिल्होरे. मरोळला भाजी विकणारा साधा माणूस. २८ जुलै २०१५ ला त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मोटरसायकलच्या मागे बसून चालला होता. पावसाचं पाणी साचलेला खड्डा दिसला नाही. प्रकाश गेला. त्यानंतर दादाराव बांधकामांवरचं राबिट आणि पेव्हर ब्लॉकचे तुकडे गोळा करून स्वतःच्या हातानं रस्त्यातले खड्डे बुजवायला लागले. एक-दोन नव्हे, शेकडो. मुंबईनं त्यांचं नाव ‘पॉटहोल दादा’ ठेवलं.

भाऊ : बघा. तो माणूस कोर्टाच्या पायरीवर बसून राहिला नाही. फावडं घेतलं. हातात जे होतं ते केलं.

नाना : मी त्याच्या पाया पडेन. पण मला त्याची बातमी वाचली की राग येतो, त्याच्यावर नाही, आपल्यावर. ज्याचा मुलगा गेला त्यानंच खड्डा बुजवायचा? आणि आपण टाळ्या वाजवायच्या? तिकडं फरिदाबादला मनोज वधवा म्हणून एक बाप आहे. २०१४ ला त्याचा तीन वर्षांचा मुलगा खड्ड्यानं गेला. तोही खड्डे बुजवतो, पण त्यानं कोर्टातली लढाई सोडली नाही. हा रस्ता कुणाचा, देखभाल कुणाची, गुन्हा कुणावर, हेच वर्षानुवर्षं विचारत राहिला. मला तो बाप जास्त जवळचा वाटतो.

भाऊ : खड्डा आज आहे, नाना. निकाल येईपर्यंत अजून एखादं पोर त्यात जाईल. दादाराव आजचा खड्डा बुजवतोय.

यात भाऊ जिंकले असं मला वाटतं. पण त्यांना जिंकवणारी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या घरात नव्हती. दादारावांनी जो खड्डा बुजवला तो प्रकाशसाठी नव्हताच, प्रकाश तर गेलेला. तो कुणाच्या तरी दुसऱ्या प्रकाशसाठी. भाऊंची किल्ली मात्र फक्त भाऊंच्या पोराला वाचवते. त्याच गल्लीतली बाकीची पोरं त्याच पिकअपमध्ये चढतातच. हे मी भाऊंना बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘आधी माझा तर वाचू दे.’ मला त्यावर बोलता आलं नाही. कुठल्या बापाला बोलता येईल?

पण ‘आधी माझा’ हे वाक्य कुठवर जातं, तेही पाहायला हवं. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलानं चालवलेल्या पोर्शे गाडीनं दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघं मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले. मुलाला आधी जामीन मिळाला तो तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह. मग लोक खवळले. मुलाच्या वडिलांना अटक झाली, ससूनमध्ये रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला. त्या आरोपाचा निवाडा न्यायालयात होईल. पण ज्या बापांनी ती बातमी वाचली, त्यांच्यातल्या पुष्कळांनी खासगीत एक प्रश्न विचारला, आणि भाऊंनीही विचारला : आपल्या पोरावर वेळ आली असती तर आपण काय केलं असतं?

नाना : मी सांगतो काय करायला पाहिजे. २०१९ च्या कायद्यात आहे. अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर आधी पालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण थांबवायचा प्रयत्न केला, हे बापानं सिद्ध करायचं. इथं बापाचा दोष मी मान्य करतो. किल्ली देणारा हात त्याचा.

भाऊ : म्हणजे माझी किल्ली खिशात ठेवणं बरोबर.

नाना : किल्ली बरोबर. शंभर टक्के. पोरगा सोळाचा आहे, लायसन नाही, किल्ली खिशातच राहू दे. माझा विरोध किल्लीला नाही, बाकीच्या कोंडण्याला आहे. दोन्ही एकाच पिशवीत टाकू नकोस. जिथं दोष तुझा, तिथं कडक राहा. जिथं दोष तुझा नाही, तिथं पोराला कोंडून तो तुझा करून घेऊ नकोस. त्याला काय शिकायला मिळतंय? जग घातक आहे, बाप घाबरट आहे, आणि गल्लीतल्या बाकीच्या पोरांचं काहीही होवो.

भाऊंच्या पोराशी मी एकदाच यावर बोललो. त्यानं मोबाइल दाखवला आणि म्हणाला, पप्पांना दिवसातून दहा वेळा माझा ठिपका दिसतो, पण संध्याकाळी मी समोर असलो की ते टीव्ही पाहतात. मी हे भाऊंना सांगितलेलं नाही. वाचतील तेव्हा वाचतील. त्याच्या आईचं म्हणणं आणखी थोडक्यात होतं : दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारी आकडा आहे. एवढ्या आकड्यामागं किती बाप असतील, आणि त्यातल्या किती जणांनी मरेपर्यंत मनात एकच वाक्य घोळवलं असेल : मी त्याला जाऊ द्यायला नको होतं. त्या वाक्यानं एकही ट्रक थांबलेला नाही. नाना म्हणतात त्यात मला तथ्य दिसतं ते इथं. बापाचा अपराधीपणा ही फार मोठी शक्ती आहे. पण आपल्या समाजात ती घराच्या चार भिंतींत जिरून जाते, आणि बाहेरच्या व्यवस्थेला तिची झळही लागत नाही. भाऊंचंही एक बरोबर आहे : ती शक्ती हवेत सोडून चालत नाही, हाताला काम लागतं.

आता त्यांचा ताजा वाद सांगतो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. गल्लीतल्या पोरांनी दर्शनाला जायचं ठरवलं. एक ओळखीचा पिकअपवाला फुकट न्यायला तयार. भाऊंनी ठरल्याप्रमाणं नाही म्हणून सांगितलं. पोरगा दोन दिवस जेवताना बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर विषय निघाला.

नाना : तुझा पोरगा नाही गेला तर पिकअप थांबणार आहे का?

भाऊ : नाही. बाकीची जाणार.

नाना : मग तू काय वाचवलंस?

भाऊ : तुम्हीच सांगा मग.

नाना : एसटी करा. प्रासंगिक करारावर मिळते अख्खी गाडी. डेपोत अर्ज करायचा, अनामत भरायची. बसून जातील, बसून येतील.

भाऊ : पैसे? पिकअप फुकट आहे.

नाना : फुकट आहे म्हणूनच पोरं मालाच्या गाडीत बसतात. डोक्यावारी काय पडेल ते काढ. ज्याला जमत नाही त्याचं मी पेन्शनमधून बघतो. पण पोरांना सांगून होणार नाही. त्यांच्या बापांना गोळा करायला लागेल.

भाऊ : येतील का? तुम्हाला माहीत आहे आपल्याकडं. कुणी म्हणेल, इतकी वर्षं पिकअपनंच गेलो, आम्हाला काय झालं?

नाना : तसं म्हणणाऱ्याच्या घरी तू जा. तू भीतीबद्दल माझ्यापेक्षा चांगलं बोलतोस. वणीची गोष्ट सांग त्याला, जशी मला सांगितलीस.

भाऊ : चारचौघांत?

नाना : चारचौघांतच.

भाऊंनी मान हलवली, पण लगेच उलटा डाव टाकला.

भाऊ : मी ते करतो. पण तुम्हीही एक करायचं. तुमच्या जुन्या गेटवर आता जो पोरगा डिस्पॅच बघतो, त्याच्याशी बोलायचं. आणि त्याच्या शेजारच्या गेटवरच्याशी. कायदा सांगू नका, कायदा त्यांना पाठ असतो. सहीची गोष्ट सांगा.

नाना : तो म्हणेल, म्हातारा रिटायर झाला आणि शहाणा झाला. नोकरी तुम्ही वाचवलीत, आता माझी घालवायला आलात.

भाऊ : म्हणू दे. तुम्हीच म्हणालात ना, दोष तिथं तयार होतो.

नाना : एकट्यानं नाही जमणार मला. त्या गेटवर उभं राहायची सवय आहे, असं बोलायची नाही. तू चल सोबत. मंगळवारी.

भाऊ : मंगळवारी माझी सेकंड शिफ्ट. सकाळी दहाला चालेल?

नाना : दहाला लोडिंग चालू असतं. बरंय, तेव्हाच जाऊ.